पहिला एरर कुठे आहे?

सेंटओएस ७ हे लिनक्स जुलै २०१४ मध्ये आलं आणि ३० जून २०२४ रोजी त्याच्या दुरुस्त्या येणं थांबलं. त्या दहा वर्षांत त्यावर उभी राहिलेली मशीन्स मात्र त्या तारखेला बंद पडली नाहीत. कुठे यंत्रांची नोंद ठेवत, कुठे हिशेब सांभाळत ती अजून चालू आहेत. अशा मशीनवर एखादं नवं सर्व्हर-सॉफ्टवेअर सोर्समधून बिल्ड करायची वेळ आली की कंपायलर पानंच्या पानं एरर छापतो. मग समोरच्या माणसाला ठरवावं लागतं, हे वाचायचं की हे मशीनच सोडून द्यायचं.

खालचा संवाद मी रचलेला आहे. त्यातल्या आवृत्त्या आणि एरर मात्र खरे आहेत. मावशी युनिक्स सर्व्हर सांभाळत निवृत्त झाली. भाचा पुण्यात क्लाउडवर काम करतो आणि एका कारखान्यातलं जुनं मशीन त्याच्या गळ्यात आलं आहे. माझा कल मावशीकडे आहे, हे आधीच सांगतो. पण भाच्याचं म्हणणं जिथे बिनतोड आहे तिथे ते तसंच ठेवलं आहे.

भाचा: मावशी, त्या मशीनवर रेडिस ६.० हे सर्व्हर-सॉफ्टवेअर बिल्ड करायला घेतलं आणि पडद्यावरून एरर नुसते पळायला लागले. ‘स्ट्रक्ट रेडिससर्व्हर’मध्ये ‘मॅक्समेमरी’ नावाचा मेंबर नाही. मग अमुक नाही, मग तमुक नाही. शेकडो ओळी. सोर्सच मोडका आला असं वाटून मी पुन्हा डाउनलोड केला, तरी तेच.

मावशी: यातला पहिला एरर कोणता होता?

भाचा: पहिला? तो तर केव्हाच वर निघून गेला. मी शेवटचा पाहिला.

मावशी: शेवटचा वाचून काय हाती लागणार, अरे? सगळं आउटपुट एका फाइलमध्ये वळव, एररसकट. मेकला समांतर कामाचा ‘-जे’ पर्याय देऊ नकोस, नाहीतर चार फाइलींचे एरर एकमेकांत मिसळतात आणि पहिला कोणता तेच कळत नाही. मग त्या फाइलीत ‘एरर’ हा शब्द सगळ्यात आधी कुठे येतो ते शोध.

भाचा: हे बघ, केलं तसं. ‘सर्व्हर.एच’ या हेडरमध्ये आहे. ‘एक्स्पेक्टेड स्पेसिफायर-क्वालिफायर-लिस्ट बिफोर _ॲटॉमिक’.

मावशी: झालं तर मग. एवढी एकच ओळ खरी आहे. रेडिसची सगळी अवस्था त्या एका स्ट्रक्टमध्ये ठेवलेली असते. कंपायलर तो वाचत जातो, ‘_ॲटॉमिक’पाशी अडखळतो आणि त्यापुढचे मेंबर त्याच्या लेखी अस्तित्वातच येत नाहीत. विणकामात एक टाका सुटला की पुढचं उसवत जातं, तसं. नंतर बाकीच्या फाइलींत जिथे जिथे त्या मेंबरांची नावं येतात, तिथे तिथे तो ‘असा मेंबर नाही’ म्हणत राहतो. ‘मॅक्समेमरी’ सोर्समध्ये शाबूत आहे.

भाचा: पण तो अडखळतो का? कंपायलरला सी-११ चालतं. मी ‘-एसटीडी=सी११’ हा पर्याय देऊन पाहिला, त्याने मुकाट्याने घेतला.

मावशी: आवृत्ती पाहिलीस?

भाचा: जीसीसी ४.८.५.

मावशी: हा पर्याय ४.८ ला ओळखता येतो. पण सी-११ मधलं सगळं त्यात आलेलं नाही. ‘_ॲटॉमिक’ आणि त्याचं ‘एसटीडीॲटॉमिक.एच’ हे हेडर जीसीसीमध्ये आलं ४.९ पासून, म्हणजे एप्रिल २०१४ मध्ये. ज्या रेड हॅट ७ वरून तुझं सेंटओएस बनलं, ते आलं जून २०१४ मध्ये. पण त्याचा कंपायलर ४.८ वर आधीच ठरून गेलेला होता. दहा वर्षं चालवायची व्यवस्था अशीच असते. सुरक्षेच्या दुरुस्त्या मागाहून येत राहतात, पण मुख्य कंपायलरची पिढी बदलत नाही. थोडक्यात चुकलेली गोष्ट आहे ही.

या जागी जरा थांबतो, कारण पुष्कळ माणसं इथेच वाट चुकतात. एरर शेकडो दिसले की आपण प्रश्नही शेकडो धरतो आणि शोधायला घेतो तो सगळ्यात जास्त वेळा आलेला, म्हणजे ‘मेंबर नाही’ हा. त्यावर डोकं चालवणं व्यर्थ आहे. पहिल्या एररला नेमका शब्द असतो, नेमकी फाइल असते, ओळीचा क्रमांक असतो. तिथून कंपायलरची आवृत्ती आणि तिथून त्या आवृत्तीला काय येतं, असा हा माग आहे. त्यात प्रतिभेची गरज नाही, सवयीची आहे.

भाचा: बरं, कारण कळलं. पण कारण कळल्याने मशीन नवं होत नाही. कंपायलर बदलायचा म्हटलं तर सिस्टीमचा जीसीसी काढून नवा टाकायला माझा हात धजत नाही.

मावशी: धजू नयेच. आणि ग्लिबसीला तर त्याहून हात लावू नकोस. ‘एलएस’ पासून ‘एसएसएच’ पर्यंत सगळं त्या एका लायब्ररीवर उभं आहे. ती अर्धवट बदलली तर साधी यादी काढता येणार नाही आणि दुरून मशीनमध्ये शिरताही येणार नाही. कंपायलरसाठी वेगळी सोय आहे. डेव्हटूलसेट नावाचे संच आहेत, ते ‘ऑप्ट’ डिरेक्टरीत निराळे बसतात. डेव्हटूलसेट-९ मध्ये जीसीसी ९ आहे. ‘एससीएल एनेबल’ म्हणून एक शेल उघडायचं. त्या शेलपुरता नवा कंपायलर, बाहेर जुना तसाच.

भाचा: पण नव्या कंपायलरने बनवलेलं जुन्या लायब्रऱ्यांवर चालेल?

मावशी: त्या संचाची खुबी तीच आहे. ग्लिबसी तो सिस्टीमचीच वापरतो. सी++ च्या लायब्ररीत जे भाग जुन्या सिस्टीमवर नाहीत, तेवढेच तो तुझ्या प्रोग्रामच्या आत जोडून देतो. बाकीचं सिस्टीमच्या लायब्ररीतून येतं. म्हणून असा प्रोग्राम दुसऱ्या एखाद्या सेंटओएस ७ वर उचलून नेला, जिथे हा संच नाही, तरी चालतो. फार विचार करून केलेलं काम आहे ते.

भाचा: तुझं हे सगळं ऐकायला छान वाटतं. मी ‘यम’ चालवलं तर उत्तर आलं, ‘मिररलिस्ट.सेंटओएस.ऑर्ग’ सापडत नाही. तो पत्ताच राहिलेला नाही. आता सगळं ‘व्हॉल्ट’मध्ये नेऊन ठेवलंय. तिथला पत्ता रेपोच्या फाइलींत हाताने घाला, मग तिथून कंपायलर आणा. तिथल्या पॅकेजला आता कोणी दुरुस्ती करत नाही, ते ज्या मशीनवर बसणार त्यालाही नाही आणि ज्या रेडिस ६.० साठी हा खटाटोप चाललाय त्यालाही नाही. मशीनवर ओपनएसएसएल १.०.२ आहे. हे सगळं नेटवर्कला जोडलेलं. अशा मशीनवर वेळ घालवणं मला जबाबदारीचं वाटत नाही, मावशी. मी आळशी म्हणून हे म्हणत नाहीये.

मावशी: ते मशीन तिथे का आहे पण?

भाचा: यंत्रांची नोंद घेणारं जे सॉफ्टवेअर आहे ना, ते याच सिस्टीमवर चालेल अशी विक्रेत्याची अट आहे. नवीन आवृत्तीचं बोलणं सुरू आहे. होईल तेव्हा होईल.

मावशी: तुझं पटतं मला. दुरुस्त्या न येणारं मशीन उघड्या नेटवर्कवर ठेवू नये, त्याला जाण्याची तारीख ठरवावी, आणि ती तारीख कागदावर असावी. यात माझा तुझ्याशी वाद नाही. वाद एवढाच की तू मशीन हलवण्याचा निर्णय घेतोयस तो एरर न वाचता. हलवायचं तर सुरक्षेसाठी हलव. ‘_ॲटॉमिक’ कळलं नाही म्हणून हलवलंस तर नव्या मशीनवर दुसरा एरर येईल आणि तिथेही तू शेवटची ओळच वाचशील.

इथे भाचा गप्प बसला असता तर संवाद सोपा झाला असता. पण त्याच्या बाजूने बोलायचं तर मशीन ओढत नेण्याची किंमत खरोखर मोठी असते आणि ती बहुधा निर्णय घेणाऱ्याला मोजावी लागत नाही, रात्री फोन येतो त्याला मोजावी लागते.

भाचा: मग आणखी एक ऐक. नवा कंपायलर घेतला, पुन्हा मेक केलं, तर आता वेगळाच एरर. ‘जेमॅलॉक/जेमॅलॉक.एच’ ही फाइलच नाही. शोधलं तर सगळीकडे एकच उत्तर, मेकला ‘मॅलॉक=लिबसी’ असं दे. दिलं, आणि बिल्ड पुढे सरकलं. बघ, विचार न करता सुटलं की नाही?

मावशी: सुटलं नाही, बदललं. लिनक्सवर रेडिस मेमरीसाठी आपणहून जेमॅलॉक घेतं, कारण त्यात मेमरीचे तुकडे कमी होतात. महिनोन्‌महिने चालणाऱ्या आणि सगळा डेटा मेमरीत ठेवणाऱ्या सर्व्हरला ते महत्त्वाचं आहे. तू त्याच्याऐवजी ग्लिबसीचं साधं मॅलॉक दिलंस. आज काही दिसणार नाही. दिसेल ते काही महिन्यांनी, मेमरीचा आकडा डेटापेक्षा फुगलेला दिसेल तेव्हा, आणि तोवर आजचा हा पर्याय तुझ्या लक्षातही नसेल.

भाचा: मग फाइल नाही त्याचं काय करायचं?

मावशी: फाइल का नाही ते बघ. जेमॅलॉकचा सोर्स रेडिसच्याच ‘डेप्स’ डिरेक्टरीत आहे, बाहेरून आणायचा नाही. पहिल्या फसलेल्या बिल्डच्या वेळी काही खुणा मागे राहिल्या. कोणत्या पर्यायांनी बिल्ड चाललंय याची नोंद मेक ठेवतं आणि पुढच्या खेपेला तीच पाहून ठरवतं की अवलंबित लायब्रऱ्या पुन्हा बनवायच्या की नाहीत. त्या अर्धवट राहिल्या असतील तरी मेकला वाटतं झालं आहे. ‘मेक डिस्टक्लीन’ कर, सगळं पुसून निघेल. मग पुन्हा पहिल्यापासून. कंपायलर बदलला की हे करायचंच असतं, जुन्या कंपायलरच्या ऑब्जेक्ट फाइली नव्यात मिसळू द्यायच्या नसतात.

भाचा: म्हणजे अवघड वाटणारा एरर साध्या कचऱ्याचा निघाला.

मावशी: पुष्कळदा तसंच असतं. म्हणून एरर कोण देतंय ते आधी बघावं. हेडर सापडत नाही, ‘नो सच फाइल’, म्हणजे बहुतेक ‘-डेव्हेल’ पॅकेज नाही नाहीतर आधीचं बिल्ड अर्धवट आहे. ‘फॉर’च्या कंसातली घोषणा सी-९९ मध्येच चालते असं कंपायलर म्हणाला, तर सोर्स ठीक आहे. जीसीसी ५ च्या आधी सी-९० हीच मूळ धारणा असायची, पर्यायात ‘जीएनयू९९’ लिहिलं की झालं. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ आलं तर कंपायलरचं काम संपलेलं असतं, तक्रार लिंकरची असते. सेंटओएस ६ वर ‘क्लॉक_गेटटाइम’साठी हमखास यायची ती. ग्लिबसी २.१७ च्या आधी ते फंक्शन ‘लिबआरटी’मध्ये होतं, शेवटी ‘-एलआरटी’ जोडावं लागायचं. आणि नुसतंच ‘किल्ड’ लिहून कंपायलर मेला तर कोडशी काही संबंध नाही, मेमरी संपली. कर्नलचा लॉग बघायचा.

भाचा: एक आडवाट सुचली होती मला, तुला राग येईल. कंपायलरला सांगायचं की ‘_ॲटॉमिक’ हा शब्दच रिकामा समज. ‘-डी’ देऊन तसं करता येतं.

मावशी: बिल्ड कदाचित पार पडेल. पण तो शब्द कशासाठी लिहिलेला आहे? त्या आकड्याला एकाच वेळी एकाहून जास्त थ्रेड हात लावू शकतात, म्हणून. ६.० मध्ये तर नेटवर्कचं वाचन-लेखनही वेगळ्या थ्रेड्सकडे देण्याची सोय आली. तू शब्द पुसलास की संरक्षण गेलं, गरज तशीच राहिली. हे मात्र मला खरंच सहन होत नाही. एरर गप्प करणं आणि एररचं कारण काढणं, पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं.

भाचा: पण चूक असेल तर चालवताना कळेलच ना?

मावशी: कधी कळेल त्यावर आहे. याच जीसीसी ४.८ ची गोष्ट सांगते. त्याच्या सी++ लायब्ररीत ‘रेजेक्स’ हे हेडर आहे. ते घेऊन लिहिलेला प्रोग्राम एकही एरर न देता कंपाइल होतो, लिंक होतो. चालवलास की पहिल्याच जरा गुंतागुंतीच्या पॅटर्नला अपवाद फेकून पडतो, कारण आतलं काम पुरं केलेलंच नव्हतं. ते झालं ४.९ मध्ये. तेव्हा एरर देणारा कंपायलर आपल्याशी प्रामाणिक वागतोय, असं मी मानते.

हे उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. जुन्या सिस्टीमवर काम करणाऱ्याने बिल्ड पार पडलं यावर कधीच समाधान मानू नये. पायथॉनचंही असंच होतं. पायथॉन ३.१० ला ओपनएसएसएल १.१.१ लागतं. सेंटओएस ७ वर बिल्ड शेवटपर्यंत जातं, फक्त अखेरीस एक ओळ येते की काही मॉड्यूल बनले नाहीत, आणि त्यात ‘_एसएसएल’ असतं. घाईत ती ओळ नजरेतून सुटते. नंतर पॅकेज उतरवायला गेलं की पायथॉन म्हणतं, एसएसएल उपलब्ध नाही. माणूस मग नेटवर्क तपासत बसतो.

भाचा: ठीक. पण कंटेनर का नाही? मशीन राहू दे जुनं, त्यावर डॉकर, आत आजचं डेबियन किंवा उबुंटू, आत तयार रेडिस. कंपायलरची भानगडच नाही.

मावशी: पुष्कळ वेळा चालेल, आणि चालत असेल तर करावं. पण कंटेनर आपलं कर्नल आणत नाही, खालचंच वापरतो. तुझं कर्नल ३.१० आहे आणि डॉकरही त्याच काळातलं असेल. ग्लिबसी २.३४ पासून थ्रेड बनवायला ‘क्लोन३’ ही नवी सिस्टीम कॉल आधी वापरून पाहिली जाते. डॉकर २०.१०.१० च्या आधीच्या आवृत्त्यांचा सुरक्षा-चाळणीचा नियम तिला ‘परवानगी नाही’ असं उत्तर द्यायचा. ‘अशी कॉलच नाही’ असं उत्तर मिळालं असतं तर ग्लिबसी जुन्या कॉलवर परतलं असतं. ‘परवानगी नाही’ म्हटल्यावर ते तिथेच थांबतं, आणि आतला प्रोग्राम थ्रेड बनवू शकत नाही. कंटेनर नवा, इमेज नवी, आणि दोष जुन्या डॉकरमध्ये. तेही शेवटी एरर वाचूनच सापडलं कोणाला तरी.

भाचा: मग माझ्या नव्या लॅपटॉपवर बिल्ड करतो आणि नुसता बायनरी नेऊन ठेवतो.

मावशी: उलट दिशेने चाललायस. लॅपटॉपच्या ग्लिबसीवर बनलेला प्रोग्राम त्या पिढीची फंक्शनं मागेल आणि इथे ग्लिबसी २.१७ आहे, २०१२ च्या डिसेंबरातली. मशीन सांगेल, ‘जीलिबसी_२.२८’ सापडलं नाही, किंवा त्याहून पुढचा आकडा. नोड १८ चे तयार बायनरी सेंटओएस ७ वर याच ओळीने अडतात. जुन्या ग्लिबसीवर बनवलेलं नव्यावर चालतं, नव्यावर बनवलेलं जुन्यावर चालेलच असं नाही.

भाचा: म्हणजे बिल्ड करायला जुनं मशीनच बरं?

मावशी: बिल्डपुरतं, हो. पायथॉनची जगभर वाटली जाणारी पॅकेजं बघ. ‘मेनीलिनक्स२०१४’ नावाचं त्यांचं जे माप आहे, ते सेंटओएस ७ वर बेतलेलं आहे, आणि बिल्डच्या त्या इमेजमध्ये कंपायलर डेव्हटूलसेटचाच. जुनी ग्लिबसी आणि नवा कंपायलर, मुद्दाम ठेवलेली जोडी. म्हणजे बनलेली वस्तू जास्तीत जास्त मशीनवर चालते. तू ज्याला जुनाट म्हणून बाजूला सारतोयस, ते कोणीतरी विचारपूर्वक निवडलेलं आहे.

भाचा: हे मला ठाऊक नव्हतं. पण मग यात माझाही मुद्दा येतो बघ. सेंटओएस ७ ची इमेज माझ्या नव्या मशीनवर कंटेनरमध्ये चालवायची, डेव्हटूलसेट तिथे टाकायचा, बिल्ड तिथे करायचा. कारखान्यातल्या मशीनवर फक्त तयार बायनरी जाईल. त्यावर कंपायलर नको, व्हॉल्टचे पत्ते नकोत, इंटरनेटही नको.

मावशी: हे माझ्यापेक्षा चांगलं सुचलं तुला. मी सर्व्हरवर बसून बिल्ड करणाऱ्या काळातली, आमच्याकडे दुसरं मशीन नसायचं.

भाचा: आणि ६.० चाच आग्रह सोडला तर?

मावशी: आग्रह कोणाचा आहे?

भाचा: आमच्या प्रोग्रामची चाचणी ६.० वर झाली होती, एवढंच.

मावशी: मग ६.२ ची मेकफाइल उघडून बघ. बिल्ड सुरू होताना ती एक छोटी सी फाइल लिहून पाहते, ‘एसटीडीॲटॉमिक.एच’ मिळतं का. मिळालं तर सी-११, नाही मिळालं तर सी-९९ आणि जीसीसीची स्वतःची जुनी अणु-फंक्शनं. म्हणजे ४.८ वरसुद्धा तुझा तो एरर येणार नाही. जुन्या कंपायलरवाल्यांची अडचण लक्षात घेऊन केलेला बदल आहे हा.

भाचा: मग आपण हे सगळं बोललो ते...

मावशी: ६.२ का चालतं हे तुला आता सांगता येईल. नाहीतर ‘आवृत्ती वाढवली, सुटलं’ एवढंच लिहिलं असतंस, आणि पुढच्या माणसाने पुढच्या सॉफ्टवेअरवर तेच करून पाहिलं असतं.

भाचा: तरी मशीन वर्षअखेरपर्यंत काढायचं, हे मी सोडणार नाही.

मावशी: सोडू नकोसच. आधी ‘मेक टेस्ट’ चालव. त्याला टीसीएल ८.५ लागतं, ते सेंटओएस ७ च्या संग्रहात आहे, तुझ्या कंटेनरमध्ये घालून घे. चाचण्या पार पडल्या की तो बायनरी कोणत्या कंपायलरने, कोणत्या ग्लिबसीवर आणि कोणत्या पर्यायांनी बनलाय हे त्याच्या शेजारीच एका फाइलीत लिही. जेमॅलॉकची ओळ विसरू नकोस. आणि मशीन काढायच्या तारखेचं पत्र विक्रेत्याला आजच धाड.